खेळणाऱ्या मुलांचे बुडालेले तास कोणी भरून द्यायचे?

दहावीच्या वर्गात खेळाडू असला की पावसाळ्यातच एक वाक्य कानावर पडायला लागतं. "यंदा दहावी आहे, यंदा खेळ नको." कधी वडील म्हणतात, कधी क्लासवाले, कधी आमच्या स्टाफरूममधलंच कोणी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि दहावीची वर्गशिक्षिका असते. वर्गात दरवर्षी खो-खोच्या मुली असतात, एखाद-दुसरा पैलवान असतो, पळणारी पोरं असतात, अलीकडे धनुर्विद्येची मुलंही येतात. इतकी वर्षं त्यांना जवळून बघून माझं मत पक्कं झालं आहे. खेळ बंद केला म्हणून अभ्यास वाढत नाही. ग्राउंडवरचे दोन तास मूल आपोआप पुस्तकात घालेल असं आपण धरून चालतो, आणि ते बसतं खिडकीतून ग्राउंडकडे बघत.

ही मुलं मागे पडतात ती बुडालेल्या तासांमुळे. तालुका झाला की जिल्हा, मग विभाग, मग राज्य. जितकं मूल चांगलं खेळेल तितकी त्याची शाळा जास्त बुडते. ते तास त्याने एकट्याने, रात्री जागून भरून काढावेत अशी आपली अपेक्षा असते. माझ्या मते हे काम मोठ्यांचं आहे: वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि घरचे. ते कसं करायचं, ते सांगते.

जूनमध्ये कॅलेंडर मांडा

शालेय स्पर्धांचा हंगाम ठरलेला असतो. तारखा मागेपुढे होतात, पण साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात तालुका आणि जिल्हा, दिवाळीच्या आगेमागे विभाग, नोव्हेंबर-डिसेंबरात राज्य, आणि त्यातून निवड झाली तर पुढे राष्ट्रीय. याच काळात शाळेत घटक चाचणी असते, प्रथम सत्र परीक्षा असते, जानेवारीत पूर्वपरीक्षा असते आणि फेब्रुवारीत बोर्ड दारात उभं असतं. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात क्रीडाशिक्षकांबरोबर बसा आणि एका कागदावर दोन्ही ओळी लिहा, वर स्पर्धा, खाली परीक्षा. कुठे एकावर एक येतंय ते लगेच दिसतं. ज्या शाळेत क्रीडाशिक्षक नाही तिथे पालकांनी प्रशिक्षकांना विचारून हा कागद करावा आणि वर्गशिक्षकांना आणून द्यावा. कोणी मागेल याची वाट बघू नका.

त्या कागदावर मी आणखी एक ओळ घालते, त्या महिन्यात कोणता धडा शिकवून होणार त्याची. खरी मदत तिथून सुरू होते.

कोणता धडा बुडाला तर चालेल, कोणता नाही

सगळे धडे सारखे नसतात. बीजगणितात सहा प्रकरणं आहेत. त्यातलं अर्थनियोजन, म्हणजे जीएसटी आणि शेअर्सचं प्रकरण, स्वतःच्या पायावर उभं आहे. ते मागच्या कशावर अवलंबून नाही, पुढचंही काही त्याच्यावर अवलंबून नाही. संभाव्यता आणि सांख्यिकी तशीच. हे धडे चालू असताना मूल स्पर्धेला गेलं तर मी अजिबात घाबरत नाही. परत आल्यावर दोन बैठकांत होतात, हुशार मूल तर पुस्तक वाचून स्वतःच करतं.

वर्गसमीकरणं बुडाली तर मात्र पंचाईत. तिथे आठवी-नववीतले अवयव लागतात, रीत समोर बसून शिकावी लागते, आणि एकदा धास्ती बसली की मूल पुढच्या पेपरात ते प्रश्न सरळ सोडून देतं. भूमितीत तर साखळीच आहे. समरूपता आणि पायथागोरसचं प्रमेय नीट झालं नसेल तर त्रिकोणमिती नुसती पाठांतराची होते, निर्देशक भूमितीतली सूत्रं कुठून आली ते कळत नाही. सुदैवाने हे दोन धडे जून-जुलैत, हंगामाच्या आधी होतात. त्या दोन महिन्यांत खेळाडू मुलाचा एकही तास बुडू देऊ नका. सराव शिबिर असेल तर प्रशिक्षकांना विनंती करून ते सकाळी घ्यायला लावा. त्यानंतर येतं वर्तुळ. मोठं प्रकरण, प्रमेयांनी भरलेलं, आणि नेमकं तालुका-जिल्ह्याच्या दिवसांत. आमच्याकडे दरवर्षी खेळाडूंचा तोच धडा कच्चा राहायचा. आता तालुका स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मी त्या मुलांना वर्तुळाची सुरुवात वेगळी बसवून शिकवते, वर्गाच्या पुढे नेऊन ठेवते. बुडाल्यावर भरण्यापेक्षा बुडायच्या आधी भरणं कितीतरी सोपं आहे, आणि मुलालाही वाटतं की मी वर्गाच्या पुढे आहे. या भावनेची किंमत फार मोठी आहे.

प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आपापल्या पुस्तकाची अशी वाटणी करावी. विज्ञानात कोणते धडे वाचून होतात, कोणत्यांना प्रयोगशाळा लागते. इंग्रजीत व्याकरणाचा कोणता भाग समोर बसूनच शिकायला हवा. पंधरा मिनिटांचं काम आहे. एकदा केलं की वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.

रात्रीच्या अभ्यासाचा हट्ट सोडा

आमच्या मुलांचा दिवस बघा. पहाटे साडेपाचला ग्राउंड, म्हणजे पाचला उठायचं. साडेसातपर्यंत सराव, घरी जाऊन आंघोळ, थोडी घरकामं, अकराला शाळा. पाचला शाळा सुटली की पुन्हा ग्राउंड, सातला संपलं की एसटी, जेवायला बसेपर्यंत सव्वाआठ. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी असं तज्ज्ञ सांगतात. पाचला उठणाऱ्या मुलाने नऊला अंथरुणावर असायला हवं. आता सांगा, या दिवसात "रोज रात्री दोन तास अभ्यास" कुठे बसतो? जिथे बसवला जातो तिथे तो झोपेतून कापलेला असतो. अशा मुलाला दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला डुलकी लागते, आणि तो तास हजर असूनही बुडतो.

म्हणून अवघड विषय रात्री ठेवू नका. गणित, विज्ञान, इंग्रजी व्याकरण यांना दिवसातली ताजी वेळ द्या. सकाळी सराव झाल्यावर आणि शाळा भरण्याआधी एक तास मिळतो, तो राखा. पोट भरलेलं असतं, डोकं चालत असतं. आमच्या शाळेत मी खेळाडूंना पावणेदहालाच बोलावते, ग्रंथालयात बसवते. घरी बसलं की कोणीतरी दळण आणायला पाठवतं, म्हणून शाळेत. रात्री जेवणानंतर फार तर अर्धा तास, तोही इतिहासाचा धडा वाचायला किंवा मराठीच्या कवितेला.

आणि प्रशिक्षकांशी बोला. आठवड्यातले सहाही दिवस दोन्ही वेळचा सराव चौदा वर्षांच्या मुलाला झेपतो का, हे विचारायला संकोच करू नका. चांगले प्रशिक्षक ऐकतात, कारण झोप झाली नाही तर मूल ग्राउंडवरही हळू होतं आणि दुखापती वाढतात, हे त्यांना आपल्याआधी कळतं. आमच्या क्रीडाशिक्षकांनी सप्टेंबरनंतर दहावीच्या मुलांची दोन दिवसांची पहाट मोकळी केली. खेळ कुठेही कमी झाला नाही.

रविवार मात्र सांभाळा. दुपारी दोन बैठका, मध्ये मोकळा वेळ. सगळा रविवार अभ्यासाला लावलात तर मूल सोमवारी आंबलेलं येतं.

एक गोष्ट मला फार उपयोगी पडते. चालता-बोलता अभ्यास. वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना दोन संख्या शोधाव्या लागतात, त्यांचा गुणाकार अमुक आणि बेरीज तमुक. पाण्याच्या नळापाशी खो-खोची मुलगी बुटाची नाडी बांधत असते, मी जाता जाता विचारते, "गुणाकार 12, बेरीज 7?" ती मान वर न करता म्हणते, "3 आणि 4." "गुणाकार 12, बेरीज 8?" नाडी ओढता ओढता "6 आणि 2." मग मी उणे घालते, आणि तिथे ती थांबते, वर बघते, ओठातल्या ओठात मोजते. तेवढ्या दोन मिनिटांत तिला काय येतं आणि कुठे अडतं ते मला कळतं. वही-पेन लागत नाही, "अभ्यासाला बस" म्हणावं लागत नाही.

स्पर्धेला जाताना दप्तर भरू नका

चार दिवसांच्या स्पर्धेला सगळी पुस्तकं कोंबून पाठवणारे पालक मी बघितले आहेत. ती पिशवी न उघडता परत येते. मुलं एखाद्या शाळेच्या वर्गात नाहीतर मंगल कार्यालयात सतरंजीवर झोपतात, अंघोळीला रांग, जेवणाला रांग, सामना कधी लागेल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी एक पातळ वही आणि एकच धडा पुरे. शक्यतो वाचून समजणारा. ज्या दिवशी सामना आहे त्या दिवशी अभ्यासाचं नावही काढू नका. मधला मोकळा दिवस मिळाला तर नाश्त्यानंतर चाळीस मिनिटं. सोबत गेलेल्या शिक्षकांनी सगळ्यांना एकत्र बसवलं तरच ते होतं, एकटं मूल बसत नाही.

इकडे वर्गात त्याचा एक जोडीदार नेमा. रोज फळ्याचा फोटो पाठवतो तो जोडीदार नव्हे, फोटो कोणीही पाठवतं आणि तो कोणी बघत नाही. जोडीदाराने रोज अर्ध्या पानावर लिहायचं: आज कोणत्या विषयात काय झालं, काय अवघड गेलं, गृहपाठ कोणता. परत आल्यावर तो कागद घेऊन दोघांनी एका मधल्या सुट्टीत बसायचं. समजावून सांगताना जोडीदाराचंही पक्कं होतं. यात जोडीदार पहिल्या नंबरचा नसला तरी चालेल, तो आवर्जून सांगणारा हवा.

परत आल्यावरचे पहिले दोन दिवस

माझ्या सहकाऱ्यांना कळकळीने सांगते, मुलाला वह्या पूर्ण करायला लावू नका. स्पर्धेहून आलेलं मूल रात्र रात्र जागून आठ विषयांचं उतरवून काढतं, हात दुखेपर्यंत, आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात जात नाही. पुढचा आठवडा त्यातच जातो आणि चालू धडाही सुटतो. वहीची अट खेळाडूपुरती शिथिल करायला मुख्याध्यापकांची एक सूचना पुरते. त्याऐवजी जोडीदाराचा कागद, प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची वीस मिनिटं आणि चार निवडक प्रश्न. ते सोडवता आले की तो भाग झाला असं धरा.

अंतर्गत गुणांकडे मात्र बारीक लक्ष ठेवा. दहावीला भाषेच्या 100 गुणांपैकी 80 लेखी आणि 20 अंतर्गत. गणिताला बीजगणित 40, भूमिती 40 आणि अंतर्गत 20. ज्या दिवशी तोंडी किंवा चाचणी झाली त्या दिवशी मूल मैदानावर होतं म्हणून हे गुण जायला नकोत. पुन्हा घेणं शिक्षकाच्या हातात असतं. पालकांनी विचारायला लाजू नये. खेळायला गेलेलं मूल शाळेच्या नावानेच खेळत असतं.

हजेरीचंही तसंच. बोर्डाला 75 टक्के उपस्थिती लागते. मूल शाळेच्या संघातून गेलं असेल तर त्याची नोंद हजेरीपटावर त्याच दिवशी व्हायला हवी, फेब्रुवारीत आठवून नव्हे.

घरच्यांसाठी

"हरलीस ना, आता तरी पुस्तक उघड." हे वाक्य कृपा करून बोलू नका. हरून आलेल्या मुलीला अभ्यास ही शिक्षा वाटायला लागते. जिंकून आली तरी लगेच पुस्तकाची आठवण नको. एक रात्र तिला झोपू द्या.

डब्यात दुसरा छोटा डबा द्या, शाळा सुटल्यावर आणि सरावाआधी खायला. शेंगदाणे-गूळ, केळं, उकडलेलं अंडं, भाकरीचा तुकडा आणि चटणी, जे घरात असेल ते. अकराला जेवलेलं मूल साडेपाचला उपाशी पळतं आणि आठला जेवून जागीच झोपतं.

मुलींबद्दल वेगळं लिहिते, कारण आमच्या भागात खेळ आधी मुलीचा बंद होतो. कारण दहावीचं सांगितलं जातं, मनात असते प्रवासाची काळजी, अंधार पडल्यावर घरी येण्याची काळजी, लोक काय म्हणतील याची काळजी. यातल्या खऱ्या काळज्यांना खरी उत्तरं द्या. संघाबरोबर बाई हव्यात असा आग्रह धरा. संध्याकाळचा सराव एसटीच्या वेळेआधी संपवायला सांगा, चार घरच्या पालकांनी पाळी लावून मुलींना आणावं. मासिक पाळीच्या दिवसांत सराव हलका करायची मुभा हवी आणि ती मागायला मुलीला लाज वाटता कामा नये. पाळी काही महिने आलीच नाही तर डॉक्टरांकडे न्या. खाणं कमी आणि मेहनत जास्त असली की असं होतं, ते अंगावर काढू नका.

आमच्याच जिल्ह्यात माण तालुक्यातलं मोही हे ललिता बाबर यांचं गाव. शाळेत त्या खो-खो खेळायच्या, पुढे 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाल्या, आणि खेळाच्या जोरावर उपजिल्हाधिकारी झाल्या. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली तेव्हा 17 वर्षांची होती. तिचे वडील गणिताचे शिक्षक. "खेळून काय होणार" असं विचारणाऱ्या घरात मी ही दोन नावं घेते. सगळ्या मुली तिथवर पोचणार नाहीत हे मलाही माहीत आहे, पण शेजारच्या गावातलं नाव ऐकलं की आई-वडिलांचा चेहरा बदलतो.

शिक्षकांना मी दुसरं नाव सांगते. 1952 ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांच्या प्रवासाच्या पैशांसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. आपल्याकडे तर कोणी फक्त वीस मिनिटं मागतंय.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण इथे मुलांचं खरं नुकसान होतं. शाळा सुरू झाली की एक फाइल करा. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र हातात पडल्याबरोबर तपासा: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणेच आहे का, खेळ, वयोगट आणि वर्ष बरोबर आहे का. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, दोन वर्षांनी कोणी दाद देत नाही. मूळ प्रत घरी, छायाप्रत शाळेत.

दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो आणि तिथून शिफारस होऊन बोर्डाकडे. कोणत्या पातळीला किती गुण, मुदत कधी, हे शासन निर्णयात असतं आणि बदलत असतं, म्हणून त्या वर्षीचं पत्रक मुख्याध्यापकांकडे मागा. मात्र या गुणांच्या भरवशावर अभ्यास सोडू देऊ नका. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून होते आणि ती कडक असते. आज जपलेला कागद तेव्हा कामाला येतो.

ज्यांची मुलं सीबीएसईच्या शाळेत आहेत त्यांनी लक्षात ठेवावं, मान्यताप्राप्त राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि बोर्डाचा पेपर एकाच वेळी आला तर तिथे तो पेपर नंतर देण्याची सोय आहे. अर्ज शाळेमार्फत, वेळेत करावा लागतो. वर्षातले कित्येक महिने शिबिरात काढणाऱ्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा, रस्ता आहे. तिथे विषय टप्प्याटप्प्याने सोडवता येतात. पण जिल्हा-विभागापर्यंत खेळणाऱ्या मुलाला त्यासाठी शाळेतून काढू नका. वर्गातली सोबत, ओरडणारे शिक्षक, मधली सुट्टी यांची त्याला खेळाइतकीच गरज आहे.

जानेवारी ते मार्च

राज्यस्तर संपला की बहुतेकांचा हंगाम संपतो. इथे खेळ पूर्ण थांबवू नका. अचानक थांबवलं की झोप बिघडते, चिडचिड वाढते, अभ्यासाला बसवत नाही. संध्याकाळी पाऊण तास पळणं, हलका व्यायाम, आठवड्यातून दोनदा खेळ एवढं चालू ठेवा. बाकी सगळा वेळ सरावाच्या प्रश्नपत्रिकांना. तीन तास एका जागी बसून लिहायची सवय खेळाडूला कमी असते, ती याच काळात करून घ्या, दर दोन दिवसांनी एक पेपर, घड्याळ लावून. दुखापतीची मात्र या दिवसांत दक्षता घ्या. फेब्रुवारीत उजवा हात प्लास्टरमध्ये नको, म्हणून पैलवानाला आखाड्यात जोर-बैठका चालतील, यात्रेतल्या कुस्त्या नकोत.

निकाल लागल्यावर अकरावीला कॉलेज निवडताना टक्क्यांच्या आधी दोन गोष्टी विचारा. तिथे पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आहे का, आणि प्रात्यक्षिकांचे तास सरावाच्या वेळेवर येतात का. विज्ञान शाखा घेणाऱ्याने तर प्रवेश घ्यायच्या आधी तिथल्या बारावीच्या एखाद्या खेळाडूला गाठून वेळापत्रक बघावं. घरापासून ग्राउंड, ग्राउंडपासून कॉलेज किती लांब, एसटी किती वाजता, तेही मोजून घ्या.